तुझी वही आणि गावाचा नकाशा

पुणे,
फेब्रुवारी २०२६

चि. सौ. सूनबाईस,
आत्याबाईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस ते अजून माझ्या मनातून जात नाही. आशाताई म्हणून तिशीपुढच्या माणसांचा आजारांच्या धोक्याचा तो सी-बॅक फॉर्म भरायला तू एका घरी बसली होतीस. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर, कुणाला बीपी, हे विचारून झालं. मग तो प्रश्न आला : आठवड्यात निदान दीडशे मिनिटं व्यायाम होतो का? ती बाई म्हणाली, "व्यायाम म्हंजे चालनंच ना? मंग सांग वं, चालू कुठे मी?" तू काही बोलली नाहीस. 'नाही'वर खूण केलीस आणि पुढच्या घरी गेलीस.

त्या फॉर्मात बाईचे गुण मोजतात. बेरीज चारच्या वर गेली की तिला तपासणीला आधी पाठवायचं. पण पहाटे पाचला महामार्गाच्या कडेने, ट्रकांच्या उजेडात, पदर आवरत चालणाऱ्या बायका मी माहेरी आले की दरवेळी बघते. त्यांना दुसरी वाटच नाही. ह्याचे गुण कुणाच्या नावावर लिहायचे? तुझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही. तो रकाना माझ्या कामात होता, म्हणून हे पत्र.

मी आयुष्यभर नगररचनेच्या कचेरीत आरेखक होते, हे तुला माहीत आहे. पण ते काम नेमकं काय, हे आपल्या घरात कुणी कधी विचारलं नाही. ट्रेसिंग कागदावर शाईने रेघा ओढायच्या, रंग भरायचे. पिवळा रहिवासाचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा बागा-मैदानांचा. पहिली काही वर्षं मलाही ती नुसती चित्रकला वाटायची. पुढे लक्षात आलं की मी पिवळ्याला लागून जांभळा भरते, तेव्हा वीस वर्षांनंतरच्या एखाद्या पोराचा दमा मी तिथे लिहून ठेवत असते. रस्त्याची रेघ बारीक ओढली की पुढे त्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. आजार तुझ्या वहीत येतो तेव्हा त्याचं वय तू रोग्याच्या वयावरून धरतेस. खरं तर तो पुष्कळदा नकाशाच्या वयाचा असतो.

आणि रेघ पुसत नाही गं. धुळ्याच्या गल्ल्या बघ. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज तिथला पहिला अधिकारी होऊन आला आणि त्याने धुळ्याची नवी पेठ सरळ, रुंद रस्त्यांची आखून घेतली. दोनशे वर्षं झाली. राज्यं बदलली, माणसं बदलली, पण लोक अजून पत्ता सांगताना गल्ली नंबरच सांगतात.

आता आपल्या नशिराबादचं. वीस हजारांच्या वर वस्ती असूनही इतकी वर्षं आपलं गाव ग्रामपंचायतीचंच होतं. जळगाव नऊ-दहा किलोमीटरवर, पलीकडे भुसावळ, मधून महामार्ग. दोन्ही शहरांचा ओघ आपल्या शिवारात येणार हे उघड होतं. प्लॉट पडत गेले. दादर ज्वारी आणि कपाशीच्या वावरांत दगडी खुणा उभ्या राहिल्या. शेवटी नगरपरिषद झाली, आणि गेल्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूक. तुम्ही रांगेत उभं राहून मत दिलंत, बोटाची शाई फोनवर दाखवलीत. मला आनंद झाला. पण नगरपरिषद होताना जे गेलं त्याबद्दल गावात कुणी बोललं नाही. गावाची ग्रामसभा गेली.

ग्रामसभा रडतखडत भरायची हे खरं, तिथे चार माणसंच बोलायची हेही खरं. पण वर्षातून चार वेळा ती भरवावी लागायची, तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागायची, आणि कुणीही उठून विचारू शकायचं. तुझ्या आजेसासूबाई, म्हणजे माझी आई, अशाच एका सभेत उठली होती. बायांच्या शौचालयासाठी. तोवर ती रोज अंधार पडायची वाट बघायची, आणि दिवसभर पाणी प्यायची नाही, उगाच जायला लागू नये म्हणून. तिला लघवीची जळजळ व्हायची, ताप यायचा, डॉक्टर गोळ्या द्यायचे. पाणी भरपूर प्या, असंही सांगायचे. ती मान हलवायची आणि घरी येऊन पुन्हा दोन घोटांवर दिवस काढायची. तिचं दुखणं गोळ्यांनी जाणारं नव्हतं. गावात एक आडोसा नव्हता, हे तिचं दुखणं होतं. आज घरोघरी शौचालय आहे. पण बाजारात दिवसभर भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या पोरी ह्यांना विचार, त्या किती पाणी पितात ते.

नगरपरिषदेत ग्रामसभा नसते. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण मी नोकरीत असेपर्यंत ती भरलेली पाहिली नाही. तरी एक दार उघडं असतं, तेच तुला दाखवायचंय. नगरपरिषद झाली की ती नियोजन प्राधिकरण होते आणि १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने तिला आपल्या हद्दीचा विकास आराखडा करावाच लागतो. लोक त्याला डीपी म्हणतात. शाळा, दवाखाना, बाजार, खेळाचं मैदान, बाग, पाण्याची टाकी, सांडपाणी, स्मशान आणि दफनभूमी, ह्या सगळ्यांच्या जागा त्यात ठरतात. आधी जमिनीचा सध्याचा वापर मोजतात, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करतात, आणि मग नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात. त्याला तीस दिवस असतात. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते, आणि ज्याने लेखी दिलंय त्याला तिथे बोलता येतं.

त्या तीस दिवसांत कोण येतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलं. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो येतो. ज्याच्या प्लॉटमधून रस्ता जातो तो येतो, वकील घेऊन येतो. त्यांचं दुःख खोटं नसतं. दोन एकरांचा धनी आणि त्यातल्या एका एकरावर हिरवा रंग, तर त्याच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवत नाही, हे मला कळतं. पण मैदान जाऊ नये म्हणून दहा वर्षांचं पोर येत नाही. चालायला वाट द्या म्हणून साखरेचा पेशंट येत नाही. बाजारात शौचालयाची जागा दाखवा म्हणून भाजीवाली येत नाही. ज्यांच्या अंगावर तो नकाशा उमटणार असतो, त्यांना तो टांगलाय हेच माहीत नसतं. आणि कचेरीत अर्ज मोजतात, सूनबाई. जे आलं नाही ते कुणाला नको होतं, असाच त्याचा अर्थ लागतो.

हिरवा रंग भरला म्हणजे बाग झाली असंही नाही. त्याच कायद्याचं १२७वं कलम नीट समजून घे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने ती जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत पालिका हलली नाही, तर आरक्षण संपतं. असं संपलेलं मैदान पुन्हा मिळत नाही. पालिकेकडे पैसे नव्हते, असं कारण बहुतेक ठिकाणी सांगतात. पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून माझं मत असं झालंय की लहान गावाने आराखड्यात पन्नास आरक्षणं टाकून बसू नये. मोजकी टाकावीत आणि घ्यावीत.

आणि जे आधीच गावाचं आहे ते पहिलं सांभाळावं. चार हजार चौरस मीटरच्या किंवा त्याहून मोठ्या लेआऊटला दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. तुम्ही लोक तिला ओपन स्पेस म्हणता. ती विकत घ्यायची नाही, कुणाच्या शेतावर गदा आणायची नाही, ती मंजूर नकाशात पडलेलीच आहे. नगरपरिषदेत जा आणि गावातल्या सगळ्या लेआऊटांच्या ओपन स्पेसची यादी माग, गट नंबरासकट. त्यांतल्या किती खरंच मोकळ्या आहेत, किती काट्याकुट्यांनी भरल्यात, किती ठिकाणी कुणीतरी ओटा घातलाय, ते फिरून बघ. आशाताईला गावात कुठलं दार बंद नसतं.

आता तुझ्या वहीकडे येते. तुझ्याकडे घराघराची नोंद आहे. कुठे डेंगी निघाला, कुठे साखर, कुठे पोरांचं वजन वाढत नाही, कुठल्या ओळीत उन्हाळ्यात म्हातारं माणूस घेरी येऊन पडलं. ह्या नोंदी दरमहा वर जातात आणि तिथे आकडे होतात. आकड्यात गल्ली दिसत नाही. तू असं कर : गावाच्या नकाशाची एक प्रत घे आणि एकेका आजाराला एकेक रंग देऊन नुसते ठिपके मांड. नावं अजिबात लिहू नकोस, घर नंबरही नको. क्षयाच्या माणसाचं नाव फुटलं तर त्याच्या पोरीचं लग्न अडतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फक्त ठिपके. मग तो कागद थोडा लांब धरून बघ.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, एका गोष्टीने शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या एका साहेबांनी सांगितली होती. पॅट्रिक गेडीस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. मूळ जीवशास्त्राचे अभ्यासक, नंतर शहरांकडे वळले. १९१४च्या सुमारास हिंदुस्थानात आले, गावोगाव पायी हिंडले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तेव्हाचे इंग्रज इंजिनिअर दाट वस्ती दिसली की मधून सरळ रस्ता काढायचे आणि घरं पाडायचे. गेडीस म्हणायचे, आधी रोग ओळखा, मग हत्यार उचला. एखादी पडकी भिंत काढा, एखादा जुना चौक मोकळा करा, विहीर साफ करा, झाड लावा. वस्ती जगू द्या.

१९१७मध्ये होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावलं. आपल्याकडून बऱ्हाणपूर-खंडव्यावरून जायचं ते इंदूर. शहरात प्लेग होता, हिवताप होता. आणि लोकांना गेडीसांची भीती वाटे, कारण शहर आखणारा साहेब म्हणजे घर पाडणारा साहेब, एवढंच त्यांना माहीत. तेव्हा ह्या माणसाने राजाकडे एका दिवसाचा अधिकार मागितला आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली. दवंडी पिटवली की मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या भागात सर्वांत जास्त घरं झाडून, डागडुजी करून तयार असतील, त्या वाटेने जाईल. मग काय, आळीआळीतून कचरा निघाला, उंदरांची बिळं बुजली, भिंती रंगल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, पण रोगांची सोंगंही होती आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. त्याच्यामागून शहराचे सफाई कामगार आले. नवे पांढरे कपडे, झाडूंना फुलांचे हार, कचऱ्याच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगं रंगवलेली. ज्यांची सावली टाळायचे त्यांना त्या दिवशी शहराने रस्त्याच्या मधोमध, मानाने चालताना पाहिलं. शेवटी तो उंदीर जाळला, आणि घरोघरी लावायला तुळशीची रोपं वाटली.

पुढच्या वर्षी गेडीसांनी इंदूरचा आराखडा दोन खंडांत लिहून दिला. मिरवणुकीला आता शंभरावर वर्षं झाली. २०१७मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिलं. त्या दिवाळीचा आणि ह्या नंबराचा थेट धागा आहे असं मी म्हणणार नाही. पण मला त्यातलं एक फार मोलाचं वाटतं. गेडीसांनी नकाशा आधी काढून लोकांना दाखवला नाही. लोकांना आधी आपली आळी बघायला लावली. तुझे ठिपके तेच करतील.

पाण्याचंच घे. डेंगीचे ठिपके आणि नळ उशिरा येणाऱ्या गल्ल्या एकमेकांवर ठेवून बघ. नळ रोज येत नाही म्हणून माणसं साठवतात. टाकी, ड्रम, रांजण, गंजपातेली, दारातला हौद. माझ्या लहानपणी कुणी "नय आला वं!" म्हणून ओरडलं की हातातली भाकरी तव्यावर सोडून बाया पळायच्या. डेंगीचा डास घाण पाण्यात नाही, ह्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. तू कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगतेस आणि बाई तुझ्याकडे बघत राहते. पुढचं पाणी कधी येईल ह्याची खात्री नसताना भरलेला ड्रम ती कशी उलटा करील? तिला शिकवण्याची गरज नाही, नळाच्या वेळेची आहे.

हे होऊ शकतं. कराडला लागून मलकापूर आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं, मोठ्या गावाच्या कुशीतलं, अगदी आपल्यासारखं. तेही ग्रामपंचायतीतून २००८मध्ये नगरपंचायत झालं. त्यांनी चोवीस तास पाण्याची योजना केली. घरोघरी मीटर बसवले आणि जास्त वापराला चढता दर लावला. सुरुवातीला मीटरला विरोध झाला नसेल असं नाही. पण चोवीस तास पाणी असलं की साठवायची गरजच उरत नाही, आणि मीटर असला की नळ उघडा सोडवत नाही. नवीन पालिकेच्या हातून पहिल्या काही वर्षांत काय होऊ शकतं, ह्याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं उदाहरण. आपल्या नव्या नगरसेवकांनी एकदा तिथे जाऊन यावं, असं तू सुचव. खर्च एस.टी.च्या तिकिटाचा.

मग ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे आपल्याकडे कुणाला नवं नाही. म्हणूनच त्याकडे आजार म्हणून बघायची सवय नाही. अहमदाबादेत २०१०च्या मे महिन्यात उन्हाने माणसं मेली, तेव्हा त्या महापालिकेने २०१३मध्ये उष्णतेशी लढायचा आराखडा केला. इशारा कधी द्यायचा, पाणी कुठे ठेवायचं, दवाखान्यांनी काय तयारी करायची, सगळं लिहून. आपल्याला त्यात एक गोष्ट वाढवावी लागेल, सावली. महामार्ग दोनपदरी होता तेव्हाची कडेची ती जुनी झाडं तू पाहिली नाहीस. आखाजीला आम्ही पोरी झोके बांधायचो ते निंबाला. आता सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झोका लोखंडी अँगलला बांधतात. आराखड्यात रस्त्याची रुंदी लिहितात. झाडांची ओळ कुठे, पायी चालणाऱ्याची पट्टी कुठे, हे कुणी मागितलं तरच लिहितात. महामार्ग ओलांडायची सोय, शाळेच्या वेळेला पोरं कुठून जातात, टोलनाका आणि सिमेंटच्या कारखान्याकडच्या बाजूला नवी घरं पडू द्यायची की मध्ये झाडांचा दाट पट्टा ठेवायचा, वाकी नदीच्या पात्राकडे पाठ करून गाव वाढवायचं की तोंड करून, हे सगळं ह्याच एका कागदावर ठरणार आहे.

आता त्या बाईचा प्रश्न. चालू कुठे मी?

त्याचं उत्तर निम्मं आधीच लिहिलेलं आहे. भूमी अभिलेखच्या कचेरीत आपल्या गावाचा जुना गावनकाशा मिळतो. त्यात दुहेरी तुटक रेघ असते ती गाडीवाट. एकेरी तुटक रेघ असते तो पायमार्ग, आणि त्याची रुंदी धरलेली असते सव्वाआठ फूट. ह्या वाटा आपल्या पणजोबांनी पायाखाली घातलेल्या. वावरांच्या कडेने, नाल्याच्या काठाने, शिवेवरून जाणाऱ्या. प्लॉट पडताना त्या गिळल्या जातात, कारण प्लॉट पाडणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो आणि बाकीच्यांना त्या आठवत नाहीत. त्या तुटक रेघा आणि लेआऊटमधल्या ओपन स्पेस एका कागदावर आण. मला खात्री वाटते की त्यांतून गावाभोवती फिरणारी एखादी वाट जुळेल. कुठे तुटेल, कुठे कुणाचं कुंपण आड येईल, तेवढेच तुकडे आराखड्यात मागायचे. मागणी छोटी असली, नकाशावर खूण करून दिली, आणि खाली वीस-पंचवीस बायांच्या सह्या असल्या, तर सुनावणीत ती बाजूला सारणं अवघड जातं. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

आखाजीला मी येते आहे, चांगली पंधरा दिवस. ट्रेसिंग कागदाची गुंडाळी आणि माझी जुनी पेनं घेऊन येते. ती अजून चालतात. तोवर तू गावनकाशाची नक्कल काढून ठेव, ओपन स्पेसच्या यादीचा अर्ज देऊन पोच घे, आणि वहीतल्या ठिपक्यांना रंग कुठले द्यायचे ते ठरव. त्या बाईलाही सांगून ठेव. आपण तिघी पहाटे पाचला निघू आणि कुठल्या तुटक रेघेवर अजून पाय ठेवता येतो ते बघू. ऊन चढायच्या आत परत येऊ. येताना तिला भरपूर पाणी प्यायला सांग.

दादाला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
आत्याबाई